आठ बत्त्यांचं देणं

"रुपयांत सांगा, नत्थूजी. बत्त्या इथे चालत नाहीत."

रघुनाथराव अर्जनवीसांनी टाक दौतीत बुडवला आणि कागदावर अधांतरी धरून ते थांबले. सौंसरच्या कचेरीसमोर चिंचेखाली त्यांचं ठेंगणं मेज होतं. मेजापुढे नत्थूजी कळंबे उकिडवा बसला होता. गुडघ्यावर टोपी, टोपीवर दोन्ही हात. जणू टोपी उडून जाईल अशी भीती. वाऱ्याचं तर नाव नव्हतं.

"आठ बत्त्या," तो पुन्हा म्हणाला. "एक रात. वरात येवाच्या वक्तापासून लगन लागेवरी. येवढंच देनं हाय."

"अहो, पण त्याचे पैसे किती?"

"पैसे घेतलेच नाई नं जी तिच्यापासून. तिनं सतरंज्या धुतल्या माह्या. दोन हंगाम."

"मग धुलाई लिहू. धुलाईचे किती?"

"धुलाईचे पैसे तिनं मांगतलेच नाई. बत्त्या मांगतल्या."

टाकाच्या टोकाला शाईचा थेंब फुगत गेला आणि टपकन कागदावर पडला. रघुनाथरावांनी त्या थेंबाकडे पाहिलं, मग नत्थूजीकडे. दोघांचाही सारखाच राग आल्यासारखं.

"नत्थूजी, देणी फेडता येत नाहीत म्हणून तुम्ही नादारीचा अर्ज केलात. कोर्टानं तुम्हाला नादार ठरवलं. ज्यांचं देणं आहे त्यांची यादी वकिलानं कधीच दाखल केली. आता तीत नाव वाढवायचं तर रक्कम लागते. लिलाव होईल, पैसा येईल, तो रकमेच्या मानानं वाटला जाईल. आता सांगा, साहेब बत्ती कशी वाटणार? अर्धी काच याला, अर्धी जाळी त्याला?"

झाडाखाली टेकलेले दोघेतिघे पक्षकार हसले. नत्थूजीही हसला, कारण हसण्यावाचून दुसरं काही सुचलं नाही. मग म्हणाला, "लिहा पंचवीस."

"पंचवीस कुठून आले?"

"तुमीच म्हनता नं, रुपयांत सांग."

*

एक काळ असा होता, की पांढुर्ण्यात कुणाच्या दारी मांडव पडला की मुहूर्त विचारायला माणूस जोशाकडे जायचा आणि परतताना नत्थूजीच्या दुकानावरून यायचा. बिछायतीचं दुकान, सगळं भाड्यानं देण्याचं. सतरंज्या, जाजमं, पंगतीच्या स्वयंपाकाची मोठी गंजं आणि या सगळ्यांवर राज्य करणाऱ्या गॅसबत्त्या. दुकानाच्या आड्याला त्या ओळीनं टांगलेल्या असत. दिवसा पितळेच्या, रात्री चांदण्याच्या. संध्याकाळी नत्थूजी एकेक खाली घेई, रॉकेल भरी, जाळी बांधी, हवा मारी. आधी निळी भडकलेली ज्योत, मग एक हुंकार, आणि मग सुं सुं करीत तो पांढरा उजेड असा काही फुलून येई की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा दोन पावलं मागं सरे. बत्त्या डोक्यावर घेऊन माणसं वरातीच्या दोन्ही बाजूंनी चालायची. त्यांचा म्होरक्या भिवाजी. नत्थूजी स्वतः मागून चालायचा, खांद्यावर उपरणं टाकून, हात मोकळे ठेवून. मालकानं बत्ती उचलायची नसते. मालकानं फक्त एखादी मिणमिणायला लागली की "भिवाजी, हवा!" असं म्हणायचं असतं.

मग विजेचे खांब आले. गुजरीच्या बाजारापर्यंत आले, तिथून पुढच्या आळीत शिरले. ज्यांच्या घरी लग्नात बत्त्यांची रांग लागायची त्यांच्याच घरी आता रंगीत काचांचे दिवे दोरीला लटकू लागले. नत्थूजीला वाटलं, आपणही नवं काही घ्यावं. त्यानं नागपूरच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर गाणी वाजवायचा भोंगा आणला, भोंग्याबरोबर मशीन आणलं, आणि वर आणखी बत्त्याही आणल्या. खेड्यापाड्यांत वीज कुठाय, असा हिशेब. भोंगा पहिल्याच हंगामात घसा बसल्यासारखा खरखरायला लागला. त्यातच राज्यं नव्यानं पडली. नागपूर तिकडे मराठी राज्यात गेलं, पांढुर्णा इकडे हिंदी राज्यात राहिलं. "दिवाळीला द्या, घाई काय," म्हणणाऱ्या त्या व्यापाऱ्याला एकाएकी धीर निघेना. हद्दीपलीकडच्या माणसाकडून वसूल कसं करायचं, या भीतीनं त्यानं पहिली नोटीस धाडली. एकाची नोटीस गेली म्हटल्यावर रॉकेलवाल्याची गेली, कापडवाल्याची गेली. पौषात कचेरीचा माणूस आला आणि दुकानाच्या दाराला लाखेचा शिक्का लावून गेला.

वकिलानं विचारलं होतं, "कुणाकुणाचे पैसे देणं आहे?" नत्थूजीनं आठवून आठवून नावं सांगितली. पानवाल्याचे सव्वा रुपयेसुद्धा सांगितले. सतरंज्या धुणाऱ्या मनकर्णाचं नाव त्याच्या मनातही आलं नाही, कारण तिचे पैसे नव्हतेच. तिचा शब्द होता. शब्द काही कर्जात धरत नाहीत, असं त्याला वाटलं. चूक झाली ती एवढीच.

मनकर्णा जिनात कापूस निवडायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात एक लेक, जयवंता. वरातींत तुडवून मळलेल्या सतरंज्या ती जाम नदीवर नेऊन धुवायची. एका सतरंजीचं ओझं दोन माणसांचं, पण ती एकटीच खडकावर आपटायची, आणि आपटण्याच्या तालावर तिच्या तोंडी ओवी असायची:

जामच्या गं पान्यामंदी, ऊन उतरे सोनसळी
माह्या जयवंताच्या दारी, बत्त्यायची लागो ओळी.

पहिल्या खेपेला नत्थूजी मजुरी द्यायला लागला तेव्हा तिनं हात मागे घेतला होता. "राहू द्या भाऊ. पोट्टीच्या लग्नाले आठ बत्त्या द्या. चार इकडून, चार तिकडून. बापाच्या घरचं तिले काई नाई, उजेड तं भेटन." आणि तो मालकाच्या ऐटीत म्हणाला होता, "दिल्या, जाय!"

दुकानाला शिक्का लागल्यावर काही दिवसांनी ती दारात येऊन उभी राहिली. नत्थूजी ओसरीवर पडून होता.

"भाऊ, पोट्टीचं जमलं बरं. मोहगावचे हायेत. वैशाखात करून राह्यले." ती थांबली. मग दुकानाकडे न पाहता म्हणाली, "थो शिक्का तवापरेंत निंगन नं?"

आतून देवकाबाईनं, नत्थूजीच्या बायकोनं, भांडं जरा जोरानं ठेवलं. नत्थूजी उठून बसला. रॉकेलवाल्याच्या शिव्यांनी, नागपूरच्या नोटिशीनं जे झालं नव्हतं ते त्या प्रश्नानं झालं. त्यानं मान खाली घातली, ती मनकर्णा जाईपर्यंत वर केली नाही.

*

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यानं एकच घेतलं. यादीत तिचं नाव घालायचं. कायद्यापुढे सगळं मांडायचं, काही म्हणून लपवायचं नाही. यादीत आली की साहेबाला कळेल, इथे पैशाचं नाही, बत्त्यांचं काम आहे. साहेब म्हणेल, ने बाबा एका रात्रीपुरत्या, सकाळी परत आणून ठेव. असं त्यानं मनाशी धरलं होतं.

"आन साहेब नाई म्हनला तं?" देवकाबाई विचारी.

"तं यादीत तं येईन ते."

"यादीत येऊन ते पोट्टीच्या मांडवात उजेड पाडन का? अजी, लोकं नावं गाळून घेवाच्या खटपटीत असतात. तुमी वाढवून राह्यले. मोटारभाड्याले पैसे आहेत, मीठ आनाले नाई."

"तुले नाई समजत."

"मले नाईच समजत. समजलं असतं तं भोंगा आनू देला असता का म्या?"

यावर तो टोपी घालून मोटारीच्या अड्ड्यावर जायचा.

पहिला अर्ज परत आला तो मराठीत होता म्हणून. कचेरीत नवा कारकून आला होता, त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भैया, अब हिंदी में लिखवाके लाओ." रघुनाथरावांचं निम्मं आयुष्य मराठीत अर्ज लिहिण्यात गेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि नव्या कागदावर सावकाश, शाळेतल्या पोरासारखं, हिंदीत लिहायला घेतलं. लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटत होते. "सतरंजी तीच, बत्ती तीच, नदी तीच. फक्त 'आहे'चं 'है' करायला चार आणे जास्त पडले तुम्हाला, नत्थूजी."

दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. नत्थूजी दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून राहिला. नळावर पाणी प्यायला, चपराशानं हटकलं म्हणून उठला, दुसऱ्या खांबाशी जाऊन बसला. त्या दिवशी त्याला उमगलं की नादार माणसाला कुणी रागानंसुद्धा बोलत नाही. नुसतं पायाखालची वस्तू सरकवावी तसं सरकवतात. पूर्वी नोटीस घेऊन येणारे निदान दारात उभे राहून ओरडायचे, त्याच्या आईबापाचा उद्धार करायचे. त्या ओरडण्यात काहीतरी नातं होतं.

तिसऱ्या खेपेला साहेबांनी अर्ज पाहिला आणि विचारलं, ही बाई कोण? पुरावा काय? चिठ्ठी आहे? पावती आहे? काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी पुढची तारीख दिली. बाईला समक्ष घेऊन या, तिनं शपथेवर सांगू दे.

"म्या?" मनकर्णा म्हणाली. "म्या तुमच्यावर फिर्याद करू? कचेरीत उभी राहून?"

"फिर्याद नोय, बाई. नुसतं सांगाचं, यायच्याकडून माह्यं येनं हाय."

"थेच नं."

तरी ती आली. जिनातली दिवसाची मजुरी बुडवून, हिरव्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसून, पदरात भाकर बांधून. मोटारीत ती बायकांमधे बसली, नत्थूजी पुढे चालकाच्या मागे. वाटेत कुणी ओळखीचं चढलं की तो खिडकीबाहेर पाही.

*

चिंचेखाली रघुनाथरावांनी तिला सगळं समजावून सांगितलं. माणूस स्वभावानं बरा. एरवी एवढं समजावण्याचे ते वेगळे पैसे घेत.

"हे बघा बाई, साहेब विचारतील, किती रुपये. तुम्ही म्हणायचं पंचवीस. नाव यादीत चढेल. लिलावाचा पैसा आला की रुपयामागे दोनअडीच आणे तुमच्या वाट्याला येतील."

"आन बत्त्या?"

"बत्त्या लिलावात जातील."

"साहेब एका रातीपुरत्या..." नत्थूजीनं तोंड घातलं.

"नाही हो. कालच मी मोठ्या कारकुनाला विचारलं. शिक्क्याची वस्तू बाहेर निघत नाही. बत्त्यांचं विसरा." रघुनाथराव पुन्हा मनकर्णाकडे वळले. "तर तेवढे पैसे घेतलेत की खातं बंद. पुढे तुम्ही यांच्या दारात जाऊन काही मागायचं नाही, यांनी काही द्यायचं नाही. कोर्टाची सुटका मिळाली की हे मोकळे."

"मोकये," मनकर्णा म्हणाली.

"साफ मोकळे."

नत्थूजीच्या छातीतून एक श्वास बाहेर पडला. त्याला स्वतःला तो ऐकूही आला नाही. कितीतरी दिवस डोक्यावर धरलेलं काहीतरी कुणीतरी हलकेच उतरवून घ्यावं, असा तो श्वास होता. मनकर्णा त्याच्याकडे पाहत होती. मग तिनं पदराची गाठ सोडली, भाकर पाहिली, आणि न खाताच परत बांधली.

पुकारा झाला. साहेब उंचावर, पंख्याखाली. आधी यादी वाचली गेली. नागपूरच्या व्यापाऱ्याचं नाव, रॉकेलवाल्याचं, कापडवाल्याचं, होता होता पानवाल्याचं. प्रत्येक नावाला नत्थूजी मान हलवत होता. आपल्याच घरातली भांडी कुणीतरी चौकात नेऊन एकेक वाजवून दाखवावी तसं त्याला होत होतं. भिंतीला टेकायला जागा होती, पण चपराशानं त्याला टेकू दिलं नाही.

मनकर्णाला शपथ दिली. साहेबांना मराठी येत नव्हतं. रघुनाथराव मधे उभे राहिले.

"बाई, इस आदमी से तुम्हारा कितना रुपया लेना निकलता है?"

"साहेब विचारतात, नत्थूजींकडून तुमचे किती रुपये येणं आहे?"

मनकर्णानं साहेबांकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, मग म्हणाली, "एक पैसाबी नाई."

रघुनाथराव थबकले. "बाई, नीट ऐका..."

"आयकलं म्या. रुपयेच इचारले नं त्यायनं? रुपया एकबी नाई. देवाची आन घेतली हाय, खोटं कशी बोलू?"

"मनकर्णाबाई!" नत्थूजी ओरडला. चपराशी पुढे झाला. साहेबांनी भुवया वर करून रघुनाथरावांकडे पाहिलं, रघुनाथरावांनी जे होतं तेच हिंदीत सांगितलं. दुसरं काय सांगणार? अर्जावर एकच शब्द लिहिला गेला. खारिज. पुढचा पुकारा झाला, आणि दोन भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडत आत आले.

*

परतीच्या वाटेवर जामसांवलीला मोटार थांबली. इंजिन तापलं होतं. चालक घागर घेऊन पाण्याला गेला, उतारू मारुतीच्या पाया पडायला उतरले. मनकर्णाही जाऊन आली. नत्थूजी पिंपळाच्या पारावर बसला होता. ती थोडं अंतर ठेवून खालीच बसली आणि भाकर काढून अर्धी त्याच्यापुढे ठेवली.

"नोको मले."

"खा. उपाशी मानसाले राग पचत नाई."

"काऊन केलं तू असं?" त्याचा बांध फुटला. "खेपा घालून घालून चपला झिजल्या माह्या. बायकोच्या शिव्या खाल्ल्या. काई लपवाचं नाई, साऱ्यायसमोर सांगाचं, म्हनून मरून राह्यलो मी. आन तू सरळ म्हनतं, एक पैसाबी नाई! मले झुठा पाडलं तू कचेरीत!"

"भाऊ, तिथं मांडलं असतं तं मिटलं असतं."

"मंग? मिटवाचंच तं होतं!"

"तुमाले मिटवाचं होतं." ती भाकरीचा तुकडा मोडत होती, वर पाहत नव्हती. "थो बामन म्हनला, हे मोकये. तवा तुमी कसा श्वास सोडला! म्या पाह्यला नं. म्या मनात म्हनलं, बाई मनकर्णे, हे मानूस तुह्यं देनं द्याले नाई आलं इथं. उतरवाले आलं."

नत्थूजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पिंपळाची पानं वाऱ्याशिवाय हलतात तशी हलत होती. देवळातून कुणीतरी घंटा वाजवली.

"दोन आने घेऊन काय करू मी? पोट्टीच्या कपायावर चिटकवू? बाकीच्यायपासून व्हा तुमी मोकये. भल्ले मोठे लोक हायेत थे, त्यायचं काई अडत नाई. माह्यापासून नोका होऊ. माह्यं राहू द्या तसंच." मग जरा हसून म्हणाली, "आन नाईच जमलं बत्त्यायचं, तं मी तुमच्या दारात येऊन भांडीन. मले भांडाले जागा तं पायजे."

चालकानं भोंगा वाजवला. नत्थूजीनं अर्धी भाकर उचलली आणि उभ्यानंच खाल्ली.

*

लिलाव चैत्रात झाला. बैतूलकडचा एक शेठ आला होता. त्याला खेड्यांतल्या लग्नांचा धंदा माहीत होता. त्यानं बत्त्या घेतल्या, सतरंज्या घेतल्या, भोंगा पायानं जरा हलवून पाहिला आणि सोडून दिला. पांढुर्ण्यातच त्यानं जागा भाड्यानं घेतली आणि भिवाजीला म्होरक्या म्हणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नत्थूजी त्याच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, हंगामभर मी बत्ती उचलतो. मजुरी नको. वैशाखात एका रात्रीच्या आठ बत्त्या द्या, आणि उचलायला माणसं.

शेठ त्याच्याकडे पाहत राहिला. "तुम तो मालिक थे ना?"

"होतो," तो म्हणाला. शेठनं मान डोलावली; सौदा ठरला.

भिवाजी कोपऱ्यात जाळ्या बांधत बसला होता. तो उठून बाहेर आला आणि नत्थूजीचा हात धरून त्याला रस्त्यावर घेऊन गेला. "मालक, येडे झाले का तुमी? तुमच्या डोक्शावर बत्ती? अन मी काय म्हनू तुमाले, 'नत्थू, हवा'? माही जीभ झडन!"

"नोको म्हनू. नुसता खोकल, मी समजून जाईन."

"वहिनी काय म्हनतीन?"

देवकाबाई काय म्हणाली ते भिवाजीला कळलं नाही. तिनं आधी कपाळाला हात लावला. "सारं पांढुर्णा पाहीन तुमाले." मग आत गेली, जुन्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि त्याची चुंबळ वळायला बसली. वळता वळता म्हणाली, "बत्तीचं बूड तापते. जाड पायजे."

पहिलं लग्न बोरगावला होतं. बत्ती डोक्यावर चढली आणि नत्थूजीला कळलं की आयुष्यभर विकलेल्या उजेडाला वजन असतं. टाळूला धग लागत होती, मान आखडत होती, कानात सुं सुं आवाज भरून राहिला होता. आणि एक गोष्ट, जी इतक्या वर्षांत भिवाजीनं कधी बोलून दाखवली नव्हती: बत्ती डोक्यावर असली की माणसाला मान वळवता येत नाही. खाली पाहता येत नाही, बाजूला पाहता येत नाही. वरात, नवरदेव, नाचणारी माणसं, सगळं मागंपुढं होत राहतं. आपल्याला दिसते ती फक्त समोरच्याची पाठ. लोक त्याला ओळखत होते. "अबे, हा तं नत्थू कळंबे!" कुणी हसलं, कुणी गप्प झालं. तो कुणाचंच तोंड पाहू शकत नव्हता. एका परीनं ते बरंच होतं.

हंगाम असा गेला. मानेवर गाठ आली. देवकाबाई रात्री तिथं तेल चोळायची आणि चोळताना भोंग्याला शिव्या द्यायची.

*

मनकर्णाच्या दारी मांडव लहानसाच होता, चार बल्ल्यांचा, जांभळीच्या डहाळ्यांनी शाकारलेला. त्या आळीत विजेचा खांब अजून पोचला नव्हता. दिवस मावळला आणि मोहगावची वरात आळीच्या तोंडाशी आली. चार बत्त्या इकडून, चार तिकडून. मातीच्या भिंतींवर उजेड चढत गेला. शेणानं सारवलेली अंगणं चांदीची झाली. म्हाताऱ्या बायका ओट्यांवर येऊन डोळ्यांवर हात धरून पाहू लागल्या. मोहगावच्या एका व्याह्यानं दुसऱ्याला म्हटलेलं नत्थूजीला ऐकू आलं: "बाई विधवा हाय म्हन्ते, पन उजेड पाह्य किती केला!"

पुढे काय होणार ते त्याला ठाऊक होतं. अशी लग्नं त्यानं थोडीथोडकी पाहिली नव्हती. नवरदेवाचे पाय मनकर्णाची भावजय धुणार होती. कन्यादानाला भाऊ-भावजय बसणार होते. मनकर्णा मांडवात येणार नव्हती. शुभाच्या वेळी विधवेनं पुढे यायचं नाही, मग लेक तिचीच का असेना. ती मागे चुलवणापाशी असणार होती, बांबूच्या तट्टीआड, धुरात.

बत्तीवाले मांडवाच्या कडेनं उभे राहिले. अंतरपाट धरला गेला. भटजींनी मंगलाष्टकांना आवाज लावला, अक्षता वाटल्या गेल्या. नत्थूजी उजव्या कडेचा शेवटचा होता, तट्टीच्या जवळ. तिथून आतल्या चुलवणाचा धूर त्याच्या नाकात येत होता आणि बांगड्या नसलेल्या हातांनी गंज सरकवल्याचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला. तट्टीला कुणीतरी आतून हात लावला; बांबू किंचित करकरला. तट्टीत एक फट होती. तिच्या अलीकडे मांडवाचा सगळा लखलखाट होता, आणि पलीकडे उभं असणाऱ्या माणसापर्यंत मांडवाच्या खांबाच्या सावलीमुळे त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

नत्थूजी एक पाऊल तट्टीकडे सरकला. मान वळवता येत नाही, म्हणून सगळं अंगच वळवावं लागलं, आधी टाच, मग गुडघा, मग खांदे, घागर भरून उभ्या राहिलेल्या बाईसारखं, सावकाश. डोक्यावरची बत्ती एवढीशी डचमळली. खांबाची सावली तट्टीवरून सरकली, आणि उजेडाची एक पट्टी फटीतून आत गेली.

"मालक," पलीकडून भिवाजी हलकेच म्हणाला, "सिध्धे राहा. नवरदेवाकडे अंधार पडून राह्यला."

"पडू दे जरासा," नत्थूजी म्हणाला.

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. माणसं पुढे घुसली, कुणाचा तरी धक्का लागला, तरी तो वळलेलाच राहिला. तट्टीमागे कोण होतं, ते रडत होतं की पाहत होतं, त्याला काही दिसलं नाही. त्याच्यासमोर, तट्टीच्या मधे घुसलेल्या एका मोहगावकराची घामेजलेली पाठ होती. बांबू मात्र पुन्हा एकदा करकरला, आणि तसाच, बराच वेळ, कुणीतरी धरून ठेवल्यासारखा राहिला.